लुबेगाचा पहिला शिक्का

अनौपचारिक गप्पांना शिस्त नसली तर त्या नुसत्याच गप्पा होऊन बसतात. हे सत्य आम्हा कंपालातल्या तरुण आर्किटेक्टांना फार लवकर उमगलं. म्हणूनच आमचा ‘शनिवारचा अनौपचारिक संवाद’ गेले सव्वीस महिने दर शनिवारी दुपारी ठीक दोन वाजता सुरू होतो (म्हणजे साडेतीनला, पण नोंद दोनची असते) आणि त्यात अनौपचारिकपणाचे सर्व नियम काटेकोरपणे पाळले जातात.

नियम फार नाहीत, एकोणीसच आहेत. नाव आधी नोंदवावं लागतं. सात माणसं जमल्याशिवाय मोकळेपणाने बोलता येत नाही. प्रत्येकाला सहा मिनिटं मिळतात. परदेशात शिकून आलेल्यांना ती वेगळ्या पद्धतीने मोजली जातात. कुणी कुणाला ‘साहेब’ म्हणायचं नाही. काळे कपडे मुळीच सक्तीचे नाहीत. ओकुमु एकदा पिवळा शर्ट घालून आला होता, तेव्हा त्याला कुणी एका शब्दानेही बोललं नाही, आणि तो पुन्हा तसा आला नाही.

मी या संवादाचा चिटणीस. सगळं इतिवृत्त माझ्याकडे असतं, त्यामुळे पुढे देतो आहे ते आकडे खात्रीचे आहेत. सव्वीस महिन्यांत ‘संदर्भ’ हा शब्द एक हजार नऊशे बारा वेळा उच्चारला गेला. ‘समुदाय’ चौदाशे वेळा, ‘माती’ नऊशे वेळा (चिखल या अर्थाने एकदाही नाही). ‘दरवाजा’ हा शब्द तीनदा आला, आणि त्यातल्या दोन वेळा तो वाऱ्याने आपटत होता म्हणून आला.

सोमवार ते शुक्रवार आम्ही काय करतो, हे संवादात विचारत नाहीत. तो सभ्यपणाचा भाग आहे. तरी इथे सांगायला हरकत नाही: आमच्यातले पाच जण एकाच मॉलच्या पाच मजल्यांवरच्या स्वच्छतागृहांचे नकाशे काढतात, तीन जण निळ्या काचेच्या फ्लॅटांखाली आणखी चार गाड्या कशा मावतील ते बघतात, आणि ओकुमु कुंपणाच्या भिंती काढतो. यंदा त्याने सव्वादोन किलोमीटर भिंत काढली. शनिवारी तो ‘सीमारेषांचं राजकारण’ या विषयावर बोलतो, आणि अनुभवाने बोलतो.

संवाद भरतो, म्हणजे भरत असे, बुकोटोच्या चढावर नालोंगोच्या खाणावळीत. जुळ्यांची आई म्हणून तिला सगळे नालोंगो म्हणत. मागे स्वयंपाकघर, त्यात तीन चुली; पुढे फणसाचं झाड, त्याखाली बाकं. एका चुलीवर वाफवलेली केळी, दुसरीवर शेंगदाण्याची आमटी, आणि तिसरीवर दिवसाला ठरेल ते. अकरा वर्षं तिने हे चालवलं. याच चुलींवर तिची दोन्ही पोरं शिकली. आम्ही तिथेच का जमायचो, याचं उत्तर ‘जागेचा सच्चेपणा’ असं इतिवृत्तात नोंदवलेलं आहे. नालोंगो आम्हाला उठवत नसे, हे दुसरं कारण नोंदवायचं राहून गेलं.

आता शिक्क्याविषयी. आर्किटेक्टने काढलेला नकाशा हा शिक्का उमटेपर्यंत नुसतं चित्र असतो. शिक्का मिळवायला परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षेला बसायला आपण दोन वर्षं खरंखुरं काम केलं असं मालकाकडून लिहून आणावं लागतं. मालक ते लिहून देत नाहीत, कारण मग माणूस जातो. त्यामुळे आम्हा चौदा जणांत शिक्का होता फक्त लुबेगाकडे. मार्चमध्ये तो मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. लुबेगा तो रुमालात गुंडाळून, रुमाल डब्यात घालून, डबा पाठीवरच्या पिशवीत ठेवून फिरायचा. पण त्याने तो अजून एकदाही उमटवला नव्हता. पहिला शिक्का कशावर उमटला हे कायमचं राहतं, असं तो म्हणे. उमटवलेल्या शिक्क्यांच्या नोंदवहीत पहिल्या ओळीत काय असावं? एखादं वाचनालय असावं, निदान एखादी शाळा. आम्हाला हे पटलं होतं. आमच्यापैकी प्रत्येकाने आपला पहिला शिक्का कशावर उमटवायचा ते ठरवून ठेवलं होतं, नुसता शिक्काच नव्हता.

जूनच्या पहिल्या शनिवारी ‘वास्तू कुणासाठी?’ या विषयावर अतुहैरे बोलत होती. अतुहैरे आमच्यातली सर्वांत विचारी. उत्तरेकडच्या एका थंड शहरात ती सोळा महिने शिकून आली आहे आणि तेव्हापासून तिला इथली माती नीट दिसू लागली आहे. तिचं विसावं मिनिट चालू असताना नालोंगो कमरेच्या फडक्याला हात पुसत आली आणि मध्येच उभी राहिली.

“बाळांनो, मागे येऊन जरा बघता का? कोणीतरी माझ्या भिंतीवर रंग फासून गेलंय.”

आम्ही मागे गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर माणसाच्या उंचीची लाल फुली होती. खाली अठ्ठावीस दिवसांची तारीख. शहर कचेरीचा कागद नालोंगोच्या हातात होता: बांधकामाचा मंजूर नकाशा दाखवा, नाहीतर बांधकाम हटवलं जाईल.

“जागा माझ्या नावावर आहे. त्याचे कागद आहेत,” नालोंगो म्हणाली. “नकाशा तेवढा नाही. कचेरीतला माणूस म्हणाला, आहे तसं कागदावर काढून आणा, शिक्का मारून आणा, मंजूर करून टाकू. मी म्हटलं, काळजी नको. माझ्याकडे दर शनिवारी चौदा जण येतात, ते हेच करतात.”



“ही फुली म्हणजे एक विधान आहे,” अतुहैरे म्हणाली. “भिंत असणं आणि नसणं, या दोन्हींच्या मधलं.”

“अगं, तो रंग आहे,” ओकुमु म्हणाला. “त्याच्या मागून बुलडोझर येतो.”

हे काम आम्ही आनंदाने स्वीकारलं, हे सांगायला मला अभिमान वाटतो. दोन वर्षांत पहिल्यांदाच खरा माणूस, खरी जागा आणि खरी गरज आमच्यासमोर चालून आली होती. त्या दिवशी उत्साहात तीन उपसमित्या नेमल्या गेल्या. नालोंगोने सगळ्यांना आमटी वाढली आणि ती आत जाताना गुणगुणत होती, अशीही नोंद आहे.

पुढच्या शनिवारी मोजमाप झालं. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं लुबेगाने, आणि बाकीच्यांनी आमचे फोटो काढले. मागची भिंत काटकोनात नसल्याचं आढळलं. ती सत्त्याऐंशी अंशांत होती! आमच्यात एकच खळबळ उडाली. काटकोनाची गुलामगिरी झुगारणारी ही भिंत आहे, आपल्या लोकांच्या हातात असं एक ज्ञान आहे की जे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत, असं अतुहैरे भारावून म्हणाली. भिंतीचा फोटो त्याच दुपारी अकराशे लोकांना आवडला. शेवटी आम्ही नालोंगोलाच विचारलं, की या कोनामागे काय विचार होता.

“दोरी माझ्या नवऱ्याने धरली होती,” ती चुलीत फुंकर घालत म्हणाली. “आणि तो प्यायलेला होता.”

हे उत्तर इतिवृत्तात ‘मौखिक परंपरा’ या सदरात घेतलं आहे.

त्यानंतरचा शनिवार छपरावर गेला. पत्रा हा बाहेरून आलेला, परका माल आहे, तो आपल्या नकाशात दिसावा का, असा प्रश्न होता. पपायरसच्या गवताचं छप्पर दाखवावं, असा ठराव अतुहैरेने मांडला. नालोंगोला बोलावून समजावण्यात आलं.

“गवत? तीन चुलींवर?” नालोंगो म्हणाली. “बानांगे, काय हे! पोरी, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“पण नालोंगो, ही तुमचीच परंपरा आहे.”

“परंपरा मला ठाऊक आहे. आमचं गावचं घर गवताचं होतं, दोनदा जळलं. पत्रा आला त्या दिवशी आईने कोंबडी कापली होती. ती कोंबडी पण परंपराच ना? ती काढा नकाशात.”

ठराव पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवण्यात आला. नालोंगो जाताना मला म्हणाली, “तू लिहितोस ना सगळं? मग एवढं लिही. मला चांगलं नकोय रे बाबा, आहे तेच हवंय.” मी लिहिलं. इतिवृत्त क्रमांक शंभर, मुद्दा सहा.

शेवटच्या शनिवारी तारखेला चार दिवस उरले होते. ओकुमुने बाकावर एक कागद ठेवला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने तो काढला होता, पस्तीस मिनिटांत. वाकडी भिंत वाकडी, तीन चुलींच्या जागी तीन चुली, पत्र्याच्या जागी पत्रा, फणस जिथे आहे तिथे. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“हं, मार,” ओकुमु लुबेगाला म्हणाला.

लुबेगाने पिशवीतून डबा काढला, डब्यातून रुमाल, रुमालातून शिक्का. त्यावर तोंडाची वाफ सोडली. नालोंगो पळा हातात घेऊनच बघायला आली होती. शिक्का कागदापासून चार बोटांवर थांबला.

“यात माझं काय आहे?” लुबेगा म्हणाला.

“तुझा शिक्का आहे की,” ओकुमु म्हणाला.

“तेच म्हणतोय. पन्नास वर्षांनी कुणी नोंदवही उघडली तर? क्रमांक एक, लुबेगा, स्वयंपाकघर, भिंत वाकडी.”

“लेका, पन्नास वर्षांनी तुझी नोंदवही उघडायला कोण बसलंय? बुधवारी तारीख आहे!”

यावर अतिशय उंचीची चर्चा झाली. आर्किटेक्ट हा नुसता नक्कलकार आहे का? जे आहे तेच काढायचं तर मग आपण पाच वर्षं शिकलो काय? शेवटी मतदान घेण्यात आलं, आणि ‘मूळ आत्म्याला धक्का न लावता किंचित सुधारणा’ या बाजूने आठ आणि विरुद्ध पाच मतं पडली. (एक सभासद तोवर फोनवर बोलायला गेला होता.) आठांतलं एक मत माझं होतं.

लुबेगाने तीन दिवस रजा काढून नकाशा केला. एवढा देखणा नकाशा मी आयुष्यात पाहिलेला नाही. भिंत सरळ झाली होती. आत शिरणारा प्रकाश पेन्सिलीने दाखवला होता. तीन चुलींच्या दोन झाल्या होत्या, कारण दोन चुलींनी तोल साधत होता. फणस दीड मीटर डावीकडे सरकला होता, त्यामुळे रचनेला एक श्वास मिळाला होता. झाडाखाली एक माणूस पुस्तक वाचत बसला होता. हे सगळं बघताना मला फणसाचं खटकलं होतं, खोटं कशाला बोलू. मी त्याची नोंदही केली: ‘फणसाच्या स्थानाबाबत सौम्य मतभेद.’ कुणाचा मतभेद, ते लिहिलं नाही.

बुधवारी सकाळी लुबेगाने नकाशा नालोंगोला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

“छान आहे. कुणाचं घर आहे हे?”

“तुमचंच, नालोंगो.”

“माझी तिसरी चूल कुठे गेली?”

“ती रचनेत बसत नव्हती.”

“अरे, पण माझ्या घरात बसते ना!”

“कागद वेगळा आणि घर वेगळं,” लुबेगा समजुतीच्या सुरात म्हणाला. “कचेरीला फक्त कागद लागतो.”

“तुम्ही शिकलेले आहात,” नालोंगो म्हणाली, आणि तिने खाली सही केली. लुबेगाने तिथेच बाकावर कागद ठेवून शिक्का उमटवला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. त्याच दुपारी नकाशा कचेरीत दाखल झाला आणि फुलीची तारीख थांबली.

शहर कचेरीत नकाशा मंजूर व्हायला साधारण अकरा महिने लागतात. हा नऊ दिवसांत मंजूर झाला. तो ज्या टेबलावर जाई, तिथल्या माणसाला तो पुढच्या टेबलावरच्या माणसाला दाखवावासा वाटे, आणि असं करत करत तो सगळ्या टेबलांवरून फिरला. एकाने तर त्याची प्रत काढून भिंतीवर लावली. आमच्या संवादाच्या इतिहासात प्रत्यक्ष जगावर परिणाम झाल्याची ही पहिलीच नोंद होती.

मंजुरीनंतर प्रत्यक्ष पाहणी होते. पुढच्या गुरुवारी सकाळी इन्स्पेक्टर मुगेर्वा आले. मृदू आवाजाचे, इस्त्रीच्या शर्टातले, नियमाबाहेर शिंकणारही नाहीत असे गृहस्थ. नालोंगोने मला फोन केला, मी बाकीच्यांना केला. लुबेगा, अतुहैरे, ओकुमु आणि मी, चौघेच पोचलो. बाकीच्यांना ऑफिसातून सुटता आलं नाही.

“मंजूर झालंय ना, सेबो?” नालोंगो त्यांना अदबीने विचारत होती.

“झालंय, आई. फार सुंदर आहे. मी घरी बायकोलासुद्धा दाखवलं. आता हे इथे कुठे आहे, तेवढं दाखवा.”

नालोंगोने स्वयंपाकघराकडे हात केला.

“हे नव्हे. याची भिंत वाकडी आहे. मंजूर आहे ते सरळ भिंतीचं. दोन चुलींचं. आणि त्यात फणस तिकडे आहे.”

“फणस चालत जात नाही हो.”

“तीच तर पंचाईत आहे.” मुगेर्वा खरोखर खिन्न दिसत होते. “बघा आई, या जागेवर एक इमारत मंजूर आहे, पण ती इथे नाही. आणि इथे एक इमारत आहे, पण ती मंजूर नाही. एका जागेवर दोन इमारती राहू शकत नाहीत. मंजूर असलेली मी पाडू शकत नाही. म्हणजे दुसरीच पाडावी लागणार.”

या युक्तिवादात मला आजतागायत एकही चूक सापडलेली नाही. बुलडोझर चढावर येऊन थांबला होता. त्याच्या मागे रोलेक्सवाल्याची, म्हणजे चपातीत ऑम्लेट गुंडाळून विकणाऱ्याची, गाडी अडकली होती आणि तो शिव्या देत होता. पण मुगेर्वा हे निर्दय नव्हते. ते लुबेगाकडे वळले.

“शिक्का आपला ना? मग एक करा. या कागदावर एक ओळ लिहा, ‘हा नकाशा जागेप्रमाणे नाही, चुकला आहे’, आणि खाली शिक्का मारा. मी हा रद्द करतो, यंत्र परत पाठवतो. महिनाभरात दुसरा आणा, आहे तसा. माझ्याकडून पूर्ण सहकार्य.”

“माझा कागद आहे,” ओकुमु म्हणाला. त्याने खिशातून घडी घातलेला तो पस्तीस मिनिटांचा कागद काढला. “आत्ता आहे. लुबेगा, लिही बाबा.”

मुगेर्वांनी पेन पुढे केलं. लुबेगाने ते घेतलं. नालोंगो त्याच्या हाताकडे बघत होती. अकरा वर्षांचं तिचं सगळं त्या एका ओळीवर आलेलं होतं, आणि ओळ सहा शब्दांची होती. मला दिसत होतं की लुबेगा मनातल्या मनात आपली नोंदवही बघतो आहे. क्रमांक एक, आणि त्यापुढे लाल शाईत: रद्द.

“संकल्पना म्हणून तो चुकलेला नाही,” लुबेगा म्हणाला, आणि त्याने पेन परत दिलं.

“बरोबर आहे,” अतुहैरे हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, हे इथे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

मी चिटणीस आहे. मी ओरडू शकलो असतो, लुबेगाचा हात धरू शकलो असतो, निदान फणसाचं तरी सांगू शकलो असतो. मी वहीत वेळ लिहिली: दहा वाजून चाळीस मिनिटं. मला शरम वाटली. अजूनही वाटते. ती मी इतिवृत्तात घेतली नाही, कारण विषयपत्रिकेवर तो विषय नव्हता.

ओकुमु एकटा आत धावला आणि भांडी बाहेर आणू लागला. मोठं केळ्यांचं पातेलं, पळे, पाट्या, काजळी धरलेली झाकणं. त्याचा काळा शर्ट राखेने पांढरा झाला. नालोंगो त्याच्या हातातून एकेक भांडं घेऊन फणसाखाली मांडत होती. आम्ही तिघे बाजूला उभे राहिलो, कारण मधे येणं बरं दिसलं नसतं. स्वयंपाकघर पडायला बारा मिनिटं लागली. वाकडी भिंत सगळ्यांत शेवटी पडली.

यंत्र गेल्यावर नालोंगो लुबेगासमोर येऊन उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता ही शिव्या देणार. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“त्या चित्रातला माणूस,” ती म्हणाली, “झाडाखाली पुस्तक वाचत बसलाय तो. तो काय खातो?”

लुबेगाला हे सुचलंच नव्हतं.

पुढचा संवाद आम्ही एका मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात भरवला (त्या मजल्याचं स्वच्छतागृह आमच्याच एका सभासदाचं आहे). ‘पाडलेल्याची वास्तू’ हा विषय होता. एकसष्ट जण आले, हा उच्चांक आहे. नकाशा चौकटीत घालून मधोमध ठेवला होता. लुबेगा त्याच्या वेदनेविषयी फार मनापासून बोलला. अतुहैरेने शहर, सत्ता आणि चूल यांच्या नात्यावर एक तास मांडणी केली. तिला आता त्यावर बोलायला नैरोबीचं बोलावणं आलं आहे. ओकुमु आला नाही. सलग तीन शनिवार गैरहजर राहिल्यामुळे नियम चौदानुसार त्याचं नाव कमी करण्यात आलं.

तेव्हा संवादात एक जागा रिकामी आहे, आणि हे सगळं लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. वाचकहो, तुम्ही आर्किटेक्ट नसाल तरी चालेल. इथवर येईपर्यंत तुम्ही लुबेगाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले असतील, अतुहैरेला हसला असाल, मुगेर्वांच्या युक्तिवादाला दाद दिली असेल आणि माझ्याबद्दलही एक ठाम मत बनवलं असेल. ही सगळी मतं मोलाची आहेत, आणि सहा मिनिटांत व्यवस्थित बसतील. शनिवारी अवश्य या, नाव मात्र आधी नोंदवा. प्रवेशाची अट एकच आहे आणि ती तुम्ही बहुधा पूर्ण केलेली आहे: त्या गुरुवारनंतर नालोंगो कुठे गेली, हे मी कुठेही सांगितलेलं नाही, आणि ते राहून गेल्याचं तुमच्या लक्षात आलेलं नसावं.